शिव्यांचा धनी

कुस्ती म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तांबड्या मातीचा हौदा उभा राहतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान आठवते, हलगीचा कडकडाट कानांत घुमू लागतो, आणि शड्डू ठोकून एकमेकांना सलामी देणारे दोन मल्ल दिसू लागतात. त्या दोघांपैकी सज्जन कोण आणि दुर्जन कोण, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. कोणाची पाठ मातीला लागली, एवढेच काय ते पाहावयाचे. हरलेल्याविषयीही प्रेक्षकांच्या मनात आदर असतो.

आज मी ज्या कुस्तीविषयी बोलणार आहे, तिची रीत याहून अगदी निराळी आहे. अमेरिकेतील धंदेवाईक कुस्ती ही दोरांनी वेढलेल्या चौथऱ्यावर, प्रखर दिव्यांखाली होते आणि तिचा निकाल आधीच ठरलेला असतो. हे तेथील जाणते प्रेक्षक फार पूर्वीपासून ओळखून होते. परंतु धंद्यातील मंडळींनी ते गुपित कसोशीने सांभाळले होते. अखेर १९८९ साली न्यू जर्सी राज्यात क्रीडा-नियमनाच्या बंधनांतून सुटका मिळावी म्हणून, या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीनेच आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असे सरकारदरबारी मान्य केले. रोलां बार्थ या फ्रेंच लेखकाने तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या कुस्तीला खेळ म्हणून नव्हे, तर नाटक म्हणूनच पाहिले होते. तेथे प्रेक्षकाला कोण जिंकले याहून अन्याय कसा झाला आणि त्याचे पारिपत्य कसे झाले, हे पाहण्यात गोडी असते, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे.

आता नाटक म्हटले की खलनायक आलाच. या कुस्तीच्या परिभाषेत त्याला 'हील' म्हणतात, म्हणजे टाच. प्रेक्षकांच्या शिव्या खाणे हेच त्याचे काम, आणि त्या जितक्या जास्त, तितके त्याचे मोल अधिक. अशा शिव्यांच्या बळावर वैभवाच्या शिखरावर चढलेल्या एका माणसाची हकीकत मी आपणांस सांगणार आहे.

त्याचे नाव जॉर्ज वॅग्नर. जन्म २४ मार्च १९१५ चा, नेब्रास्का राज्यातील ब्यूट या लहानशा गावी. घरची गरिबी. कुटुंब पुढे टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहरी आले, आणि तेथील ख्रिस्ती युवक संघाच्या व्यायामशाळेत हा पोरगा कुस्ती शिकला. महामंदीचे ते दिवस. शाळा सुटली, मिळेल ते काम करावे लागले. गावोगाव फिरणाऱ्या जत्रांतून कुस्ती जिंकली तर हातावर काही सेंट पडत. त्यातूनच तो पुढे धंदेवाईक मल्ल झाला. कसब त्याच्या अंगी होते. परंतु उंची बेताची, सुमारे पाच फूट नऊ इंच, आणि चेहरा चारचौघांसारखा. मल्ल म्हणून त्याच्यात दोष काढावा असे काही नव्हते, आणि लक्षात ठेवावे असेही काही नव्हते. सचोटीने काम करून विस्मृतीत जाणाऱ्या असंख्य माणसांपैकी तो एक होता.

जॉर्जची खरी बुद्धी दिसली ती प्रेक्षकांना वाचण्यात. १९३९ साली ऑरेगॉन राज्यातील यूजीन गावी त्याने बेट्टी हॅन्सन या तरुणीशी कुस्तीच्या चौथऱ्यावरच विवाह केला. लोकांना ही गंमत आवडली, हे पाहून त्याने तोच विवाहविधी पुढे गावोगाव तिकीट लावून पुन्हा पुन्हा साजरा केला! डावपेचांहून मोठे असे काहीतरी पाहावयास लोक पैसे देतात, हे सूत्र त्याला येथे गवसले. त्याच्या आधी लॉर्ड पॅट्रिक लॅन्सडाउन असे भारदस्त नाव धारण करणारा एक मल्ल मखमली झगा पांघरून, नोकर बरोबर घेऊन आखाड्यात येत असे. ती कल्पना जॉर्जने उचलली आणि तिला असे काही रूप दिले की, मूळ पुरुष विस्मृतीत गेला.

जॉर्ज तलम, भरजरी झगा घालून येऊ लागला. तो उतरवून त्याची नीट घडी घालण्यात वेळ काढू लागला. प्रेक्षक ताटकळत, ताटकळले की चिडत, चिडले की ओरडत. जॉर्जच्या ध्यानात आले की, अजून एकही डाव टाकलेला नसताना सारे सभागृह आपल्या मुठीत आले आहे. मग त्याने आपले केस वाढवले, ते सोनेरी रंगवले, कुरळे करून घेतले, आणि नाव घेतले 'गॉर्जस जॉर्ज'. मराठीत म्हणायचे तर 'छबीदार जॉर्ज'.

त्याच्या आगमनाचा थाट असा : सभागृहात जांभळ्या प्रकाशाचा झोत पडे. अमेरिकेत पदवीदान समारंभात वाजणारी एल्गारची भारदस्त धून सुरू होई. प्रथम प्रवेश करी तो त्याचा अदबशीर खिदमतगार. तो पिचकारीने चौथऱ्यावर अत्तर शिंपडी, प्रतिपक्षी मल्लाचा कोपराही सुगंधित करून निर्जंतुक करी! फ्रान्सचे 'शनेल क्रमांक पाच' हे अत्तर जगप्रसिद्ध आहे. जॉर्जचे म्हणणे, आपले अत्तर क्रमांक दहाचे. मग स्वारी येई, सावकाश, नाक वर करून. केसांतील सोन्याचा मुलामा दिलेले आकडे एकेक काढून तो प्रेक्षकांत भिरकावी. नियमाप्रमाणे पंच त्याचे अंग तपासावयास पुढे झाला की, आपले मळके हात मला लावू नकोस, म्हणून तो किंचाळून उठे. आणि एवढ्या नाजूकपणाचे प्रदर्शन करून झाल्यावर कुस्ती सुरू होताच पंचाची पाठ वळली रे वळली की बोटे डोळ्यांत, दाढ केसांत, गुडघा पोटात! जिंकता आले तर जिंकावे, हरावे लागले तर हरावे, पण लबाडी मात्र कधी सोडू नये, हे त्याचे जाहीर ब्रीद होते.

श्रोतेहो, येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. हे सारे चालले होते त्या अमेरिकेत, जेथील लक्षावधी तरुण नुकतेच महायुद्धावरून परतले होते. पुरुषाने राकट असावे, मोजके बोलावे, नटूथटू नये, ही त्या समाजाची ठाम समजूत. जॉर्जने नेमके तेथेच बोट ठेवले. त्याला शिव्या घालणारा माणूस त्याच्या लबाडीला शिव्या घालीत होता, तसाच त्याच्या केसांना आणि अत्तरालाही घालीत होता. खलनायक कसा आहे हे पाहिले की समाज कोणाचा तिरस्कार करतो ते कळते. या दृष्टीने कुस्तीतील खलनायकांची वंशावळ पाहण्यासारखी आहे. महायुद्धानंतर अमेरिकन आखाड्यांत कपटी जपानी आणि क्रूर जर्मन यांचे पेव फुटले. त्यांतील 'हान्स श्मिट' हा जर्मन वस्तुतः कॅनडातील क्वेबेकचा फ्रेंचभाषी गृहस्थ होता, आणि 'फ्रिट्झ व्हॉन एरिक' हा तर सरळ टेक्ससचा रहिवासी. पुढे १९७९ साली इराणमध्ये अमेरिकन वकिलातीतील माणसे ओलीस धरली गेल्यानंतर 'आयर्न शेख' या मल्लाच्या वाट्याला साऱ्या सभागृहाचा संताप आला. तो मात्र खराच इराणी होता. वर्तमानपत्रात जो शत्रू, तोच चौथऱ्यावर खलनायक, असा हा सोपा हिशेब होता.

जॉर्जने परक्या देशाचे निशाण खांद्यावर घेतले नाही, हा त्याचा विशेष. तो त्यांच्यातलाच होता. फक्त त्याने आपल्या आत्मप्रेमाची लाज सोडली होती. मी सुंदर आहे, मी थोर आहे, तुम्ही सारे गबाळे आहात, हे तो मोठ्याने सांगे. आपल्या मनातला गर्व झाकून ठेवण्याची ज्यांना जन्मभर शिकवण मिळालेली असते, त्यांना तो उघडपणे मिरवणारा माणूस पाहून संताप येतो, आणि त्या संतापात थोडी असूयाही असते. म्हणूनच लोक त्याचा धिक्कार करीत आणि पुढच्या आठवड्याचे तिकीट काढूनच घरी जात.

त्याच्या भाग्याने याच सुमारास दूरचित्रवाणी आली. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी जॉर्जचे दर्शन प्रथम पडद्यावर घडले. त्या बाल्यावस्थेतील यंत्राला कुस्तीसारखा विषय नव्हता. चौथरा लहान, दिवे वरच टांगलेले, एकदोन कॅमेऱ्यांत काम भागे आणि खर्च थोडा. १९५० साली अमेरिकेतील शंभर घरांपैकी सुमारे नऊ घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९५५ पर्यंत तो चौसष्ट घरांत पोहोचला. ज्यांच्या घरी संच नसे ते शेजाऱ्यांकडे, गुत्त्यात किंवा दुकानाच्या काचेपुढे गर्दी करीत. त्या करड्या, अस्पष्ट चित्रांत सामान्य मल्ल ओळखू येणे कठीण होते. परंतु सोनेरी केसांचा, लांब झग्याचा, नाक उडवणारा हा माणूस लांबूनही ओळखू येई. २२ फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कुस्ती झाली, ती त्याच्या नावावर. त्याची वार्षिक कमाई एक लाख डॉलरांच्या घरात गेली असे सांगतात. बेसबॉलचा लाडका वीर जो डिमाजिओ याचा मोबदलाही तेव्हा तेवढाच होता. देशाचा आवडता आणि देशाचा नावडता, दोघांचे मोल सारखेच ठरले!

हे यश केवळ नखऱ्याचे नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. या कुस्तीत खलनायकाचे काम नायकापेक्षा अवघड असते. नायकाला प्रेक्षकांचे प्रेम आयते मिळालेले असते. खलनायकाला मात्र कुस्तीची लय आपल्या हाती ठेवावी लागते. केव्हा छळावे, केव्हा घाबरून हात जोडावे, केव्हा आपटून घ्यावे, हे त्यानेच ठरवावयाचे. प्रतिपक्ष्याचा प्रत्येक डाव खरा वाटावा म्हणून त्यानेच अधिक उंचावरून पडायचे आणि अधिक विव्हळायचे. समोरच्याचे शौर्य तो आपल्या फजितीतून घडवतो. ह्यूस्टनच्या व्यायामशाळेत कमावलेले कसब जॉर्जला येथे उपयोगी पडले. नीट पडता येण्यासाठी आधी उत्तम उभे राहता यावे लागते.

आपल्याकडील वडीलधाऱ्या श्रोत्यांना या नाट्याची ओळख मुंबईत झाली असेल. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये १९५० च्या दशकात फ्रीस्टाइल कुस्त्यांचे फड रंगत. देखणा, सुस्वभावी दारासिंग एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला 'किंगकाँग' नावाचा अगडबंब, दाढीवाला मल्ल. हा किंगकाँग म्हणजे मूळचा हंगेरियन, एमिल चाया. त्याला पाहून पोरे घाबरत आणि मोठी माणसे आरोळ्या ठोकीत. दारासिंग पुढे चित्रपटांत गेला, आणि दूरचित्रवाणीच्या 'रामायणा'त त्याने हनुमंताची भूमिका केली. किंगकाँगच्या वाट्याला मात्र ते अगडबंब नावच राहिले. तथापि त्या पर्वतप्राय देहाने पुढ्यात उभे राहून वेळोवेळी आपटून घेतले नसते, तर आपल्या लाडक्या नायकाची उंची आपल्याला मोजता आली असती काय?

गॉर्जस जॉर्जच्या विद्येचा खरा वारस मात्र कुस्तीतला नव्हता. जून १९६१ मध्ये लास व्हेगास शहरी, एका नभोवाणी कार्यक्रमाच्या निमित्ताने, एकोणीस वर्षांच्या एका मुष्टियोद्ध्याची त्याच्याशी गाठ पडली. त्या तरुणाचे नाव कॅशियस क्ले. जॉर्ज आपल्या आगामी कुस्तीविषयी कसा गरजतो हे त्याने ऐकले, आणि ती कुस्ती पाहावयास किती गर्दी लोटली तेही पाहिले. तुझे तोंड कोणीतरी बंद करावे म्हणून लोक पैसे मोजतील, तेव्हा बढाई मारीत राहा, असा जॉर्जचा उपदेश होता. हे ऋण त्या तरुणाने पुढे अनेकदा मोकळेपणाने मान्य केले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सॉनी लिस्टनला नमवून तो जगज्जेता झाला, आणि लवकरच महंमद अली या नावाने जग त्याला ओळखू लागले.

परंतु शिष्य गुरूच्या पुढे गेला तो एका वेगळ्या ठिकाणी. १९६७ साली अलीने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले, ऐन उमेदीची तीन-साडेतीन वर्षे त्याला मुष्टियुद्धापासून दूर राहावे लागले. त्या वेळी त्याच्यावर जो शिव्यांचा वर्षाव झाला, तो ठरवून घेतलेला नव्हता, आणि त्याचे तिकीटही कोणी लावले नव्हते. जॉर्जने लोकांचा राग विकत दिला. अलीने तो आपल्या मतासाठी सोसला. बढाई तीच, आवाज तोच. पण एकाच्या बोलण्यामागे पडदा होता, दुसऱ्याच्या मागे तो उरला नव्हता.

अलीचा तो जगज्जेतेपदाचा दिवस पाहण्यास जॉर्ज उरला नव्हता. त्याची उतरती कळा खूप आधीच लागली होती. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मोठ्या दूरचित्रवाणी संस्थांनी कुस्तीकडे पाठ फिरवली. मद्याचे व्यसन वाढत गेले, दोनदा संसार मोडला. कॅलिफोर्नियातील बोमाँट येथे त्याने टर्की पक्ष्यांचे मोठे पालनकेंद्र काढले होते, पुढे एक मद्यालयही चालवले. परंतु पैसा टिकला नाही. तेव्हा त्याने आपले शेवटचे भांडवल बाहेर काढले. ते म्हणजे ते सोनेरी केस. १९५९ साली टोरांटो शहरी व्हिपर बिली वॉटसन याच्याशी हरलेल्याने मुंडण करून घ्यावे, अशा अटीवर त्याची कुस्ती झाली. जॉर्ज हरला, आणि खचाखच भरलेल्या सभागृहात त्याचे केस उतरवले गेले. नोव्हेंबर १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये 'डिस्ट्रॉयर' या मुखवटाधारी मल्लापुढे तोच प्रसंग पुन्हा घडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. पंधरा वर्षे जे पाहावे म्हणून ते तिकिटे काढीत होते, ते त्यांना अखेर पाहावयास मिळाले होते.

मला वाटते, या धंद्याचे सारे मर्म येथे आहे. खलनायकाची पुंजी म्हणजे प्रेक्षकांची अपुरी राहिलेली इच्छा. ती जोवर अपुरी आहे, तोवर त्याला मागणी. ती पुरी झाली की लोकांना समाधान मिळते, आणि त्याच क्षणी त्यांना त्याची गरज उरत नाही. त्यानंतर वर्षाहून थोड्याच अधिक काळाने, २६ डिसेंबर १९६३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने जॉर्जचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. अली जगज्जेता होण्यास जवळजवळ दोन महिने उरले होते.

मी पेशाने सरकारी नोकर आहे. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला लोकांचे बोल ऐकावे लागतात, आणि त्यांतले पुष्कळसे त्याला नव्हे तर खुर्चीला उद्देशून असतात. संध्याकाळी घरी जाताना ते कचेरीतच ठेवून निघण्याची विद्या अंगी बाणवावी लागते. नाहीतर माणूस घरातही साहेबच होऊन बसतो. जॉर्जच्या चरित्रातील एक तपशील मला म्हणूनच अस्वस्थ करतो. आपल्या भरभराटीच्या काळात त्याने कायदेशीर रीतीने जॉर्ज वॅग्नर हे आईबापांनी दिलेले नाव टाकून 'गॉर्जस जॉर्ज' हेच नाव धारण केले. नटाने प्रयोग संपल्यावर रंग पुसावा, अशी रंगभूमीची रीत आहे. याने रंगच कातडीत मुरवून घेतला. चौथऱ्यावरच्या त्या झग्याला मिळालेल्या शिव्या आणि झगा घालणाऱ्या माणसाला मिळालेल्या शिव्या वेगळ्या करण्यास मग जागा कोठे उरली?

तरीही त्याच्या कार्याला क्षुद्र म्हणण्यास माझे मन धजत नाही. तिरस्कार ही माणसाच्या मनातील खरी वस्तू आहे. उपदेशाने ती नाहीशी होत नाही. रोज कारखान्यात राबणाऱ्या, वरिष्ठांपुढे गप्प बसणाऱ्या, बाजारात आणि कोर्टात लबाडांचा विजय पाहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा एक लबाड असा मिळाला की, ज्याला पोटभर शिव्या घालाव्यात, ज्याची शेवटी फजिती व्हावी, आणि ज्याला खरी इजा मात्र होऊ नये. हा तिरस्कार रस्त्यावर सांडला असता तर कोणाच्या डोक्यावर पडला असता, कोण जाणे. चौथऱ्याच्या दोरांच्या आत तो जॉर्जने स्वतःच्या डोक्यावर घेतला.

आणि लोकांनाही हे आतून कोठेतरी कळत असावे. २०१० साली धंदेवाईक कुस्तीच्या सर्वांत मोठ्या संस्थेने त्याला आपल्या कीर्तिमंदिरात स्थान दिले, ही झाली संस्थांची गोष्ट. मला त्याहून बोलकी वाटते ती त्या केसांतल्या आकड्यांची हकीकत. जवळच्या मित्रांना तो खऱ्या सोन्याचे आकडे देई, आणि हा आकडा सामान्य आकड्यासारखा लेखणार नाही, अशी गंभीर शपथ त्यांच्याकडून घेई. प्रेक्षकांत भिरकावलेल्या आकड्यांवर नुसता मुलामा असे. परंतु ज्यांनी त्याला शिव्या देऊन घसा बसवून घेतला, तेच लोक खुर्च्यांखाली वाकून ते आकडे वेचीत, आणि घरी नेऊन जपून ठेवीत.